हजेरीतले नाव

३ फेब्रुवारी

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. म्हणून हे पत्र. तुझी आजी, म्हणजे माझी ताई, जाऊन वर्ष होत आले. ती असती तर हे काम तिनेच तुला सांगितले असते, आणि माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितले असते.

तू राहतेस त्या देशात एका समुद्रकाठच्या गावाबाहेर जुन्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. तिचे छायाचित्र गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात आले होते. पांढऱ्या शिळांच्या रांगा, आणि त्यांच्या मागे एक लांब भिंत. ज्यांना थडगे मिळाले नाही, किंवा ज्यांचे दहन झाले, अशा आपल्याकडच्या शिपायांची नावे त्या भिंतीवर कोरली आहेत असे खाली छापले होते. तुझ्या शहरातून आगगाडीने तिथे जाता येते, असे आमच्या ग्रंथपालांनी नकाशा पाहून सांगितले.

माझे वडील, तुझे पणजोबा, मी पाळण्यात असताना फौजेत गेले, ही कथा तू आजीकडून ऐकली असशील. ते सांगून गेले नाहीत. माझे आजोबा वेदपाठी. समुद्र ओलांडणे त्यांच्या लेखी धर्म ओलांडण्यासारखेच होते. वडील सकाळी बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडले. दुपारी पिशवी, फौजेत जातो एवढ्या निरोपासह, शेजाऱ्याच्या हाती परत आली. आत आईने सांगितलेले सगळे जिन्नस होते, एकही विसरला नव्हता. ते मात्र आले नाहीत. युद्ध संपले, गावोगावचे लोक परतले, तरी नाही.

बारा वर्षे वाट पाहून न परतलेल्याचे उत्तरकार्य करावे असे शास्त्र सांगते. आजोबांनी तयारीही केली होती. आई त्यांच्यापुढे कधी उभी राहून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "पाहिल्याशिवाय नाही," एवढेच. तिने वडिलांचे नाव आयुष्यात कधी उच्चारले नाही, कारण बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. आणि ते गेले असे तिने कुणाला म्हणूही दिले नाही. ती कुंकू लावूनच गेली.

मी तिचा शब्द मोडला नाही. पण आता मला स्वस्थता नाही. मी जन्मभर दुसऱ्यांना मंत्र सांगितले, दुसऱ्यांच्या वडिलांना पाणी देवविले, आणि स्वतःच्या वडिलांना एक ओंजळ देऊ शकलो नाही. माणूस गेल्याचा निश्चय नसताना त्याला पाणी देणे म्हणजे जिवंताला हाताने उंबऱ्याबाहेर ढकलणे होय. तो निश्चय मला हवा आहे. माझा हात आता इतका कापतो की ओंजळीत पाणी ठरत नाही. फार दिवस थांबता येणार नाही.

तेच गाव का, असे तू विचारशील. शाळेत असताना मी जमिनीवर नकाशा पसरून पाठांतर करीत होतो. आई भांडी घासत होती. ती उठून आली आणि त्या गावाचे नाव घेऊन म्हणाली, "हे यात कुठे आहे रे?" मी दाखविले. तिने ओले बोट तिथे टेकविले. कागदावर डाग पडला. हे नाव तुला कुठून कळले, असे मी विचारले, तर म्हणाली, "ऐकलं कुठेतरी." त्यानंतर ते नाव तिने पुन्हा काढले नाही.

वडिलांचे पूर्ण नाव वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून जोडले आहे. आमचे आडनाव लावणारे दुसरे घर मी ऐकलेले नाही, तेव्हा चूक होणार नाही. भिंतीवर नाव सापडले तर माझ्या वतीने तिथे ओंजळभर पाणी दे. पाणी कुठलेही चालेल. नाही सापडले तर तसे लिही. <u>खरे तेच लिही.</u>

तुझा,
मामाआजोबा


२४ फेब्रुवारी

ती. मामाआजोबा,
सा. नमस्कार.

'खडू'ला 'स' प्रत्यय लावलेला तुमचा मायना व्याकरणाने शुद्ध आहे हे मला मान्य आहे, पण पाकीट उघडताच "चि. खडूस" वाचलं की आजी आठवते. ती म्हणायची, लहानपणी भिंतीवरचा चुना आणि खडू खाल्लेस म्हणून हे नाव पडलं. मोठेपणी नाव तुझ्या स्वभावाला शोभायला लागलं.

खडू अजूनही सुटलेला नाही. तळघरातल्या प्रयोगशाळेत दिवसभर प्लास्टरच्या धुळीत बसून मी कवळ्या करते. समोर दातांच्या रांगा असतात, आणि एवढी तोंडं असून एकही बोलत नाही, हे या नोकरीतलं मोठं सुख. तुमची कवळी 'श' म्हणताना अजून शीळ घालते का? आजी सांगायची, शांतिपाठ सुरू झाला की शेजारचा कुत्रा धावत येतो म्हणून. माप पाठवा, मी नवी करून देईन.

रजेसाठी आमच्या उस्तादांकडे गेले. ते इथल्या सर्वांत जुन्या खुर्चीवर बसतात म्हणून उस्ताद. त्यांनी विचारलं, कोण वारलं. मी म्हटलं, पणजोबा. कधी, असं विचारल्यावर मी ऐंशी वर्षांपूर्वी असं सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की एवढा उशीर झालाच आहे तर सोमवारपर्यंत थांबायला काय हरकत आहे. शेवटी शुक्रवार दिला.

मी जाते. पाण्याची बाटली आत्ताच भरून ठेवली आहे. ती पूर्वी औषधाची होती, पण चार वेळा उकळून घेतली आहे.

"खरे तेच लिही" याखाली तुम्ही रेघ मारली आहे. मी तुम्हाला खोटं कधी लिहिलं?

तुमची,
खडू


१८ मार्च

ती. मामाआजोबा,
सा. नमस्कार.

जाऊन आले. नाव आहे. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि अक्षरं स्वच्छ आहेत. पाणी दिलं. हवा चांगली होती. तुम्ही आता निश्चिंत मनाने कार्य करावं. इकडे सर्व क्षेम.

खडू


५ एप्रिल

चि. खडूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. प्रथम ते देवापुढे ठेवले, मग वाचले. गुरुजींना बोलावून दिवस ठरविला. हे गुरुजी माझेच विद्यार्थी. पूर्वी माझ्याकडून छडी खाल्ली, आता मला आसनावर बसवून आज्ञा करतील, याचा त्यांना आनंद झालेला दिसला.

मलाही समाधान व्हायला हवे होते. ते होत नाही. जप करतो तर मणी पुढे जातात आणि मी मागे राहतो. अंगणात दारापासून फाटकापर्यंत येरझारा घालतो. सूनबाई विचारते, मामंजी, काही हरवलंय का. काय सांगू?

तुझे पत्र मी पुष्कळ वेळा वाचले. पहिल्या पत्रात तू एका बाटलीचीही हकीकत लिहिलीस, आणि जिच्यासाठी बाटली भरली त्या भिंतीची चार वाक्यांत बोळवण केलीस. त्यात एकही थट्टा नाही. माझ्या शिळेची चौकशी नाही. तू थकली असशील असे मी स्वतःला समजावतो. मग पुन्हा उठून फाटकापर्यंत जातो.

म्हणून एवढे कळव. त्यांच्या नावानंतर मधले नाव माझ्या आजोबांचेच आहे ना? अक्षरे कशी आहेत? खोल की उथळ? माझा एक डोळा दुधाळला आहे, दुसऱ्यात उसने भिंग आहे; शाईची अक्षरे तेवढी लागतात. छायाचित्र पाठविलेस तर मला करडी पाटी दिसेल. तुम्ही दातांचा ठसा मसाल्यात घेता आणि त्यावरून प्लास्टरचे दात ओतता, असे तू मागे सांगितले होतेस. त्या अक्षरांचा तसा ठसा निघेल का? मला ते नाव बोटांनी वाचायचे आहे.

कार्याचा संकल्प सांगताना कर्त्याला स्वतःचे नाव घ्यावे लागते. मला दोन घ्यावी लागतील: सगळ्यांना ठाऊक असलेले, आणि पाळण्यातले. पाळण्यातले नाव मी तान्हा असतानाच टाकून दिले होते. आजोबांना एक अपशकुन झाला, म्हणून. ते नाव मी संध्या करताना मनात घेतो. माझ्याखेरीज ते जाणणारे आता कोणी उरले नाही. पण ही जुनी गोष्ट, पुन्हा कधीतरी.

ठशाचे पाहा.

तुझा,
मामाआजोबा


२ मे

चि. खडूस,
आशीर्वाद.

टपालवाला आता मला पाहून लांबूनच मान हलवतो. गुरुजींना दिवस पुढे ढकलायला सांगितले. ते म्हणाले, गुरुजी, पितर थांबतील पण माझी मे महिन्यातली लग्नं थांबणार नाहीत. त्यांच्या बोलण्याला हसलो, पण कार्याला बसलो नाही.

शब्दांवरच आयुष्य काढल्यामुळे कच्चा शब्द मला खड्यासारखा लागतो. तुझ्या पत्रात तसा शब्द आहे. कोणता ते मला सापडत नाही. तू माझ्यावर दया केली असशील तर ती परत घे. माझ्या वयाला दया पचत नाही.

मामाआजोबा


१० मे

ती. मामाआजोबा,
सा. नमस्कार.

या पत्राबरोबर एक खोका येईल. आधी पत्र वाचा, मग खोका उघडा. सूनबाईमामींना जवळ बसवून वाचलं तर बरं.

मी खोटं लिहिलं. पाणी दिलं नाही. तुमच्या वडिलांचं नाव, तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं तसं, त्या भिंतीवर नाही.

पहिल्यापासून सांगते. स्टेशनवरून चालत गेले. बाहेरून ती जागा बागेसारखी दिसते, आत गेल्यावर शाळेसारखी: सगळे एका उंचीचे, सारख्या अंतरावर, रांग मोडून कोणी उभं नाही. काही शिळांवर नावच नाही, नुसतं शिपाई असं लिहिलंय. तिथे एक माळी गुडघ्यांवर बसून शिळांच्या कडेचं गवत कापत होता. त्याने माझ्या हातातली बाटली पाहिली आणि सांगितलं की पाणी अक्षरांवर ओतायचं नाही, शेवाळ धरतं, पायथ्याशी ओतायचं. म्हणजे माझ्याआधीही कोणी बाटल्या घेऊन आलं होतं.

भिंत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. मग परत उलटी वाचली. तुमचं आडनाव सापडलं. एकदाच. त्याच्या आधी तुमच्या वडिलांचं नाव होतं. पण ते मधलं नाव म्हणून. त्याच्या आधी आणखी एक नाव होतं, जे मी घरात कधीच ऐकलेलं नाही.

म्हणजे तिथे मेलेला माणूस तुमच्या वडिलांचा मुलगा आहे.

मी गवतावर बसून राहिले. लढायला गेलेला मुलगा म्हणजे अठरा-वीस वर्षांचा तरी असणार. तुमच्यापेक्षा, आजीपेक्षाही कितीतरी मोठा. म्हणजे पणजीच्या आधी त्यांचं दुसरं घर होतं, आणि त्या घरातला मुलगा युद्धावर गेला म्हणून ते पिशवी सोडून त्याच्या मागे निघाले असतील. हे सगळं मी तिथे बसून जुळवलं आणि मला ते खरंच वाटलं. आईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेलेल्या माणसांच्या संसारात तू कशाला हात घालतेस? मामांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. त्यांनी जन्मभर वाट पाहिली ती कुणाची, हे त्यांना या वयात कळायला हवं का?" म्हणून मी ती चार वाक्यं लिहिली. ती लिहायला मला दोन दिवस लागले. त्याच्यात थट्टा बसत नव्हती.

बाटलीतलं पाणी परत आणलं. परक्या माणसाला तुमच्या वतीने कसं देणार? घरी येऊन बेसिनमध्ये ओतायला गेले, तेही जमेना. ती ओट्यावरच आहे. माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण रोज विचारते, हे काय आहे, मी म्हणते, हात लावू नको.

तुमचं दुसरं पत्र आल्यावर मी पुन्हा गेले. प्रयोगशाळेतून ठशाचा मसाला घेतला. माळ्याला तो आधी एका पडक्या दगडावर लावून दाखवावा लागला, डाग पडत नाही हे पटल्यावर त्याने परवानगी दिली. तरी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, मी दगडाचा दात उपटते आहे असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. उस्तादांनी प्लास्टर स्वतः कालवून दिलं. ते म्हणाले, असली कवळी आपण पहिल्यांदाच करतो आहोत.

तीन शब्दांचे तीन तुकडे कापसात गुंडाळले आहेत. मागे आकडे टाकलेत. दुसरा तुमच्या वडिलांचा, तिसरा आडनावाचा. पहिला कोणाचा, मला माहीत नाही. तो तुमचा भाऊ असेल तर मला माफ करा, मी त्याला तुमच्यापासून दोन महिने लपवून ठेवलं.

तुमची,
खडू


४ जून

चि. खडूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

खोका तुझ्या पत्राच्या आधी आला. तुझी आज्ञा मोडली गेली त्याचा दोष टपालखात्याचा. तुकडे मी बैठकीच्या चटईवर मांडले. आडनाव प्रथम ओळखले, कारण ते लांब आहे. मग वडिलांचे. मग पहिला तुकडा हातात घेतला. ती लिपी माझ्या बोटांना सवयीची नाही. एकेक अक्षर चाचपून जुळवावे लागले. शेवटच्या अक्षराशी पोचलो आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपले. सूनबाईने पाणी आणले ते तसेच राहिले. नंतर तुझे पत्र आले.

खडू, माझा कोणी थोरला भाऊ नव्हता. वडिलांचे दुसरे घर नव्हते. पहिल्या तुकड्यावरचे नाव माझे आहे. ते माझे पाळण्यातले नाव.

वडिलांनी भरती होताना स्वतःचे नाव सांगितलेच नाही. आजोबांच्या माणसांनी कचेऱ्या धुंडाळून त्यांना माघारी आणले असते, म्हणून दुसरे नाव हवे होते. त्यांनी माझे सांगितले, आणि मधले नाव विचारल्यावर माझ्या नावापुढे लागते तेच, म्हणजे स्वतःचे. फौजेत ते माझ्या नावाने राहिले आणि माझ्याच नावाने गेले.

आता ती जुनी गोष्ट, जी मी "पुन्हा कधीतरी" म्हणून ठेवली होती. ती मला ताईने सांगितली. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि दाराशी खेळत होती. सायकलवरून एक सरकारी माणूस आला. त्याने माझे पूर्ण नाव वाचले आणि हा इसम परदेशी लढाईत कामी आला असे सांगितले. आजोबा ओटीवर बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. ते संतापून हसले. हा बघा तुमचा इसम, म्हणाले, अजून दुधाचे दात पुरते आलेले नाहीत. त्या माणसाला हाकलून दिले. हा मोठा अपशकुन झाला, म्हणून त्याच आठवड्यात माझे नाव बदलले. घरातल्या सगळ्यांना हसू आले होते, असे ताई सांगे. तिकडे मुलगा गेल्याची वार्ता आली होती आणि बाप तिला चूक म्हणून हसला. वेदांचा एकेक स्वर राखणाऱ्या घराने ही चूक केली.

ताई या गोष्टीत दोन गोष्टी नेहमी वेगळ्या सांगे, आणि मी तिला दर वेळी हसून सोडत असे. एक अशी, की नाव आजोबांनी नव्हे, आईने बदलायला लावले. दुसरी अशी, की तो माणूस निघाल्यावर आई ओल्या हातांनी त्याच्या मागे धावत गेली, वळणापाशी त्याला गाठले आणि काहीतरी विचारून परतली. तुला नकाशावरचा डाग आठवत असेल. गावाचे नाव आईला तिथेच मिळाले. दुसरीकडून मिळण्याचा संभव नाही. ओटीवर सगळे हसत असताना तिला एकटीला कळले होते.

कळले होते, तर तिने कार्य का होऊ दिले नाही? या प्रश्नाने मी गेले दोन आठवडे अंगण झिजवले. मला सुचते ते असे. कार्य करायचे तर सायकलवाल्याची वार्ता खरी मानावी लागली असती, आणि त्या वार्तेत नाव माझे होते. मृतांत माझे नाव कुणी उच्चारावे हे तिला सोसले नसते. तिने नवऱ्याला अधांतरी ठेवले, आणि मुलाचे नाव त्यातून काढून घेतले. आणि दुसरे असे, की ती मला त्या नावाने हाक मारू शकत नव्हती. ज्या नावाने तिचा नवरा गेला, ते नाव त्या दिवसापासून त्याचे झाले. नवऱ्याचे नाव ती घेत नसे. मग मुलाला कसे हाक मारणार? ते नाव घराने टाकून दिले असे मी समजत होतो. तिने ते त्यांना देऊन टाकले होते.

हा तर्क आहे. तिला विचारता येत नाही, ताईला विचारता येत नाही. ताईला हसलो, त्याचे आता काही करता येत नाही.

आमच्याकडे दुपारी एक निवृत्त सुभेदार पोथी ऐकायला येतात; पोथी कमी ऐकतात, वाद जास्त घालतात. त्यांनी पहिला तुकडा उचलून पाहिला. मी सगळे सांगितले. ते म्हणाले की नाव बदलून भरती होणारे पूर्वी पुष्कळ असत, पण खोटे नाव पचवणे अवघड. "सकाळी हजेरीला हाक येते, अण्णा. आपलं नाव ऐकून क्षणभर जरी गप्प राहिलात तरी पकडले जाता. म्हणून माणूस असं नाव सांगतो की ते कानावर पडताच छातीतून उत्तर निघावं."

ते गेल्यावर मी पहिला तुकडा पुन्हा हातात घेतला. परक्या मुलखात रोज सकाळी कोणीतरी माझे नाव मोठ्याने पुकारत होते, आणि माझे वडील ताठ उभे राहून त्याला उत्तर देत होते. पाळण्यातल्या मुलाला त्यांनी जेवढ्या वेळा हाक मारली असेल, त्याहून अधिक वेळा त्यांनी ते नाव तिथे ऐकले असेल. ते घर सोडून गेले असे मी समजत आलो. ते रोज माझ्या नावाने उभे राहत होते.

परवा कार्य केले. पाणी कोणत्या नावाने द्यायचे, हा गुरुजींना प्रश्न पडला. मी म्हटले, ज्या नावाने त्यांची आई त्यांना हाक मारीत असे त्या नावाने. अर्धे पाणी मांडीवर सांडले, उरलेले पोचले असावे. 'श' आला तिथे शीळ वाजली. गुरुजी हसले नाहीत. चांगला विद्यार्थी आहे. माप लवकरच पाठवतो.

मन निवले का, असे तू विचारशील. पुरते नाही. त्यांच्या नावाने पाणी पोचले, पण भिंतीवर कोरलेल्या त्या पहिल्या नावाचे काय? हजेरीत ते नाव पुकारले गेले, त्याला इतके दिवस उत्तर आले, आणि मग एके सकाळी आले नाही. ज्याचे ते नाव, तो इकडे सत्तर-ऐंशी वर्षे दुसऱ्याच नावाला ओ देत राहिला.

तेव्हा माझे एक शेवटचे काम कर. ओट्यावरची ती बाटली घे आणि पुन्हा तिथे जा. पाणी माळी सांगेल तसे पायथ्याशी ओत. तो परका माणूस नाही. मग सरळ उभी राहा आणि ते पहिले नाव मोठ्याने पुकार. माळी पाहील, पाहू दे. उत्तर येणार नाही, तरी लगेच निघू नकोस, थोडी थांब.

कोणत्या दिवशी जाणार ते मला कळवू नकोस. मी रोज सकाळी संध्या आटोपली की अंगणात येऊन, फाटकाकडे तोंड करून, हजर म्हणत जाईन.

तुझा,
मामाआजोबा